क्विकरन १०६० ईएससी: जुना जळाल्यावर बसवला, तीन महिने चालवला, मग लिहितेय

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबलाय. ईएससी, म्हणजे रिमोटच्या गाडीचा स्पीड कंट्रोलर, घ्यायच्या आधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले त्यातल्या बहुतेकांत पार्सल कसं आलं, डबा कसा होता एवढंच होतं, आणि मला जाणून घ्यायचं होतं की जुना काढून नवा बसवताना नक्की काय काय करावं लागतं, कुठे अडकायला होतं, आणि जुना मुळात जळला का. हा शेवटचा प्रश्न तर फारसा कुणी विचारतच नाही. ईएससी गेला, नवा टाका, झालं. आणि मग नवाही दोन महिन्यांत जातो.

रिमोटची गाडी आमची एक दशांश स्केलची, फोर व्हील ड्राइव्ह ट्रक, ५४० साइजची ब्रश्ड (आत ब्रश असलेली) मोटर, टू एस लायपोवर, म्हणजे दोन सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीवर चालणारी. गाडी लेकाची आहे पण रिपेरिंगचं खातं माझ्याकडे. एका संध्याकाळी तो गवतात चालवत होता, गाडी आधी अडखळायला लागली, मग दोन-चार झटके दिले, मग थांबली आणि तो ओरडला, "आई, गाडीतून वास येतोय!" मी धावत जाऊन पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर ओढून काढला, लायपो असेल तर बाकी काहीही बघायच्या आधी हे करायचं. बॉडी उचलली तर ईएससीच्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) खालचं प्लास्टिक फुगलेलं आणि तो जळक्या वार्निशसारखा वास, जो एकदा नाकात बसला की पुढे कधीही लांबूनच ओळखता येतो. गार झाल्यावर परत बॅटरी लावून बघू का असं लेक सारखं विचारत होता, मी लावू दिली नाही, कारण आतला मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा स्विच) शॉर्ट होऊन गेला असेल तर स्विच ऑन केल्याक्षणी मोटर फुल स्पीडने सुटू शकते, तुम्ही ट्रिगर दाबलेला असो वा नसो, आणि अडीच किलोची गाडी पायावर आली तर लागतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ईएससी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, बॅटरी आणि मोटर यांच्या मध्ये बसतो, रिमोटवर तुम्ही ट्रिगर किती ओढलाय ते रिसीव्हरकडून त्याला कळतं आणि त्या प्रमाणात तो मोटरला करंट सोडतो. सोडतो म्हणजे नळासारखा कमी-जास्त नाही करत, मॉसफेट नावाचे स्विच सेकंदाला हजारभर वेळा चालू-बंद करतो, अर्धा ट्रिगर म्हणजे साधारण अर्धा वेळ चालू आणि अर्धा वेळ बंद. जुन्या गाड्यांमध्ये हे नव्हतं. तामियाची हॉर्नेट १९८४ ला आली तेव्हा तिच्यात एक वेगळा सर्व्हो (रिमोटच्या हुकमाने दांडी हलवणारी छोटी मोटर) असायचा, तो एक धातूची पट्टी सरकवायचा आणि त्याने दोन-तीन ठरावीक स्पीड मिळायचे, कमी स्पीडला उरलेली वीज एका रेझिस्टरमध्ये नुसती उष्णता होऊन जायची. तो रेझिस्टर इतका तापायचा की हाताला चटका बसेल. आज आपण बोटाच्या टोकाने गाडी मुंगीच्या चालीने दगडावर चढवतो ते सगळं या मॉसफेटमुळे, त्यामुळे हा भाग मला गाडीत सगळ्यात लाडका आहे, मोटरपेक्षाही.

आता आमच्या गाडीची गोची. तिच्यात जो मूळ होता तो टू इन वन होता, म्हणजे रिसीव्हर आणि ईएससी एकाच डबीत. स्वस्त रेडी टू रन (तयार जुळवून येणाऱ्या) गाड्यांत हे हल्ली सर्रास असतं. त्यामुळे ईएससीचा भाग जळला की रिसीव्हरही गेला, म्हणजे स्टिअरिंगही बंद, आणि तो रिसीव्हर फक्त त्याच रिमोटशी बोलायचा म्हणजे रिमोटही निरुपयोगी. वर स्टिअरिंगच्या सर्व्होला पाच वायरी होत्या, आणि बाजारात मिळणारा कुठलाही नॉर्मल रिसीव्हर तीन वायरींचा सर्व्हो मागतो. पाच वायरींचा सर्व्हो म्हणजे त्याच्या पोटात स्वतःचं सर्किट नसतं, ते सगळं त्या जळालेल्या बोर्डवर असतं. तर "ईएससी बदलणे" हे आमच्याकडे ईएससी, रिसीव्हर, रिमोट आणि सर्व्हो बदलणे असं झालं. तुमची गाडी अशी असेल तर ऑर्डर टाकायच्या आधी सर्व्होच्या वायरी मोजा, प्लीज. दोन मिनिटांचं काम आहे, आणि नाही मोजल्या तर ईएससी येऊन टेबलावर पडून राहतो आणि पोरगं रोज विचारतं कधी चालू होणार. त्याच कंपनीचा तोच टू इन वन बोर्ड परत घेऊन बसवणं हा सोपा मार्ग होता, खर्चही कमी झाला असता, पण एकदा वेगळा रिसीव्हर आणि वेगळा ईएससी केला की पुढे जे जाईल तेवढंच बदलता येतं, म्हणून मी हा मार्ग घेतला आणि आजही मला तो बरोबर वाटतो.

पण नवा मागवायच्या आधी मी चार दिवस थांबले. कारण ईएससी उगाच जळत नाही. त्याला कुणीतरी जास्त करंट ओढायला लावतं तेव्हा तो जळतो, आणि ते कुणीतरी म्हणजे मोटर, आणि मोटरला जास्त ओढायला लावतं ते तिच्या पुढचं काहीतरी. मोटर गाडीतून काढली, बॅटरीला क्षणभर थेट लावून बघितली, व्यवस्थित फिरली, ब्रशजवळ भलत्या ठिणग्या नाहीत. मग मोटर नसतानाच चाकं हाताने फिरवली, पुढचं उजवं चाक जड. उघडलं तर एक्सलवर केस आणि दोऱ्यांचा असा गुंडाळा बसलेला की बेअरिंग दिसतच नव्हतं, गवताचे धागे त्यात पीळ घालून अगदी सुतळीसारखे झालेले. तो चिमट्याने काढायला अर्धा तास गेला. आणि दुसरं कारण माझंच होतं. महिनाभर आधी स्पीड वाढावा म्हणून मी पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) दोन दात मोठा टाकला होता आणि बसवताना तो स्पर गिअरला (तो फिरवतो त्या मोठ्या गिअरला) फार जवळ लावला, दातात दात घट्ट रुतलेले, किंचितही मोकळीक नाही. गाडी चालत होती म्हणून मला वाटलं ठीक आहे. ती चालत होती पण मोटर कायम जोर लावत होती, जास्त करंट ओढत होती आणि तो सगळा ताप ईएससीच्या डोक्यावर.

मेश, म्हणजे या दोन गिअरच्या दातांची जुळणी, लावायची पद्धत सोपी आहे, मला तेव्हा माहीत असून मी घाई केली. वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरच्या मधे घालायची, मोटर त्यावर दाबून स्क्रू आवळायचे, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर दातांच्या घड्या स्वच्छ उमटल्या पाहिजेत पण कागद फाटलेला नको. त्यानंतर स्पर गिअर बोटाने हलवला तर हलकीशी टिकटिक जाणवली पाहिजे. आणि ही टिकटिक एका जागी बघून थांबायचं नाही, स्पर गिअर पूर्ण एक फेरा फिरवून चार-पाच ठिकाणी बघायची, कारण प्लास्टिकचा गिअर कधीच अगदी गोल नसतो.

आता ईएससी. मी घेतला हॉबीविंगचा क्विकरन १०६०. नावातला १० म्हणजे एक दशांश स्केल आणि ६० म्हणजे ६० अँपिअर, याच लाइनमध्ये १६२५ आहे तो एक षोडशांश गाड्यांसाठी २५ अँपिअरचा. डब्यावर मोठ्या अक्षरात ३६० अँपिअर बर्स्ट असं काहीतरी दिसतं, त्याकडे अजिबात बघू नका, तुमची बॅटरी, तुमचा प्लग आणि तुमच्या वायरी कुणीच तेवढं देऊ शकत नाही. बघायचा आकडा तो नाही आणि ६० पण नाही. बघायचं ते मोटरचं टर्न लिमिट. टू एस लायपोवर मोटर १२ टर्न किंवा त्यापेक्षा जास्त, थ्री एसवर १८ टर्न किंवा जास्त, ही कंपनीनेच दिलेली मर्यादा आहे. टर्न म्हणजे मोटरच्या आत तारेचे वेढे, वेढे कमी तेवढा स्पीड जास्त आणि करंटची भूक पण जास्त. साध्या गाड्यांत येणारी चंदेरी डब्याची ५४० मोटर बहुधा २७ टर्नची असते, दगडावर चढणाऱ्या क्रॉलर गाड्यांत ३५, ५५ अशा टर्नच्या. आमची २७ ची, म्हणजे या ईएससीला ती आरामात झेपते. तुम्ही पुढे जास्त वेगवान, कमी टर्नची मोटर टाकायच्या विचारात असाल तर आधी हा आकडा बघा आणि मग ठरवा.

ईएससी हातात घेतल्यावर पहिलं वाटलं की केवढुसा आहे. वर ॲल्युमिनिअमचं हीटसिंक, पंखा नाही, आतलं सगळं सीलबंद. मला पंखा नसलेला हवाच होता, कारण छोट्या पंख्यात पहिल्याच आठवड्यात माती जाते आणि तो किरकिरायला लागतो. वायरी मऊ आहेत, हे कुणाला छोटं वाटेल पण अरुंद चेसिसमध्ये कडक वायर वळवताना सोल्डर तुटतं हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना कळेल. मोटरच्या बाजूला बुलेट कनेक्टर, बॅटरीच्या बाजूला माझ्या पीसला टी प्लग होता. आमच्या सगळ्या बॅटऱ्यांना एक्सटी ६०, म्हणून प्लग बदलणं आलं.

सोल्डरिंगवर थोडं थांबते कारण बहुतेक जण इथेच घाबरतात आणि मग मधे ॲडॉप्टर लावून मोकळे होतात. ॲडॉप्टर म्हणजे करंटच्या वाटेत आणखी दोन सांधे, आणि प्रत्येक सांधा तापतो. रेडिओच्या कामाचा बारीक टोकाचा २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न इथे चालत नाही, जाड वायर सगळी उष्णता ओढून घेते आणि सोल्डर नुसतं वर गोळा होऊन बसतं, आत शिरतच नाही. निदान ६० वॉट आणि रुंद छिन्नीसारखं टोक. सोल्डर ६३/३७ वालं घ्या, ते १८३ डिग्रीला एकदम वितळतं आणि एकदम घट्ट होतं, मधली चिकट अवस्था नाही, त्यामुळे हात थोडा हलला तरी सांधा खराब होत नाही. सोल्डर करताना त्या प्लगमध्ये त्याचा जोडीदार प्लग घालून ठेवायचा, म्हणजे पिना तापून प्लास्टिक मऊ झालं तरी पिना वाकड्या होत नाहीत. आणि श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी) वायरीत आधी ओवायची. आधी. मी हे दोनदा लिहितेय कारण सांधा छान चकचकीत झाल्यावर ट्यूब टेबलावरच राहिलेली दिसली की सगळं परत सोडवावं लागतं. लाल प्लसला, काळी मायनसला, आणि हे लावायच्या आधी मल्टीमीटरने एकदा तपासा. बॅटरी उलटी लागली तर ईएससी जागच्या जागी जातो, त्याला दुसरी संधी मिळत नाही.

मोटरवर आणखी एक गोष्ट करावी लागली ती आधी सुचली नव्हती. सगळं जोडून पहिल्यांदा चालवली तर ट्रिगर अर्ध्याच्या पुढे गेला की पुढची चाकं आपोआप थरथरायची. मी सर्व्होवर संशय घेतला, मग रिसीव्हरवर, सर्व्हो बदलून पण बघितला. शेवटी मोटर उलटी करून बघितली तर तिच्यावर कपॅसिटर एकही नव्हता. ब्रश्ड मोटरमध्ये ब्रश आणि कम्युटेटर यांच्यात सतत बारीक ठिणग्या पडत असतात आणि त्या रेडिओला त्रास देतात. १०४ लिहिलेले छोटे सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, तीन लावले, एक दोन्ही टर्मिनलच्या मधे आणि एकेक प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या डब्याला. डबा आधी पॉलिश पेपरने घासायचा नाहीतर सोल्डर धरत नाही. शिवाय रिसीव्हरची अँटेना मी नीटनेटकं दिसावं म्हणून मोटरच्या वायरींबरोबरच बांधली होती, ती सोडवून नळीतून उभी केली. अँटेनाच्या टोकाचा सोललेला भाग साधारण ३१ मिलिमीटर असतो, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीचा पाव भाग, तो कापायचा नाही, दुमडायचा नाही. एवढं झाल्यावर थरथर पूर्ण बंद. म्हणजे दोष नव्या ईएससीचा नव्हताच, आणि मी तो परत पाठवायच्या तयारीत होते.

बसवणं एकदम सोपं. चेसिसची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून फोमची डबल टेप, स्विच जुन्याच खाचेत, तीन वायरींची केबल रिसीव्हरच्या चॅनल दोनमध्ये, म्हणजे थ्रॉटलच्या (स्पीडच्या) चॅनलमध्ये. रिसीव्हरला वेगळी बॅटरी लावायची नाही, ईएससीमध्येच बीईसी असतो तो रिसीव्हर आणि सर्व्होला वीज देतो. पण हा बीईसी दोन-तीन अँपिअरच्या घरातला आहे, साध्या सर्व्होला पुरेसा. कुणी २५ किलो ताकदीचा दणकट सर्व्हो लावणार असेल तर वेगळा बाहेरचा बीईसी घ्या, नाहीतर चाक दगडात अडकलं की सर्व्हो सगळी वीज ओढेल, रिसीव्हर उपाशी राहून रीस्टार्ट होईल आणि तुम्हाला वाटेल रिमोटची रेंज गेली.

सेटिंगसाठी ईएससीवर छोटे जंपर आहेत, काळ्या टोप्या, चिमट्यानेच काढाव्या लागतात. प्रोग्रॅम कार्ड नाही, ॲप नाही, कॉम्प्युटर नाही. मला हे फार आवडलं. एक जंपर बॅटरीचा, लायपो का निमह (निकेल मेटल हायड्राइड). दुसरा चालण्याचा, त्यात एफ/बी/आर म्हणजे पुढे, ब्रेक आणि मग रिव्हर्स, आणि एफ/आर म्हणजे सरळ पुढे-मागे, तो क्रॉलरसाठी. एफ/आरमध्ये ट्रिगर सोडला की मोटर जोरात धरून ठेवते, चढावर गाडी जागच्या जागी उभी राहते, पण वेगात असताना सोडलात तर गाडी नाकावर येते, गिअरलाही झटका बसतो. आमच्यासारख्या पळणाऱ्या ट्रकला एफ/बी/आरच बरा. त्यात ट्रिगर पहिल्यांदा पुढे ढकलला की ब्रेक, मधे आणून परत ढकलला की रिव्हर्स. लेकाला पहिले दोन दिवस वाटत होतं की रिव्हर्स बिघडलाय. रिव्हर्सचं रेटिंग फॉरवर्डच्या निम्मं आहे, तेही लक्षात असू दे.

बॅटरीचा जंपर मात्र दहा वेळा बघा. लायपो लावून जंपर निमहवर राहिला तर ईएससी फार खालच्या व्होल्टेजपर्यंत बॅटरी ओढत राहतो आणि लायपो फुगून कायमची जाते. बरोबर लावलाय का हे कानाने पण कळतं, ऑन केल्यावर टू एस लायपोला दोन छोटे बीप येतात, थ्री एसला तीन, निमहला एक, मग एक लांब बीप म्हणजे सगळं ठीक. लेकाला मी सांगून ठेवलंय, दोन ऐकू आले तरच गाडी खाली ठेवायची.

ऑन करायचा क्रम: आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना उलटं. ऑन केल्यावर तीन सेकंद ट्रिगरला हात लावायचा नाही, त्या वेळात ईएससी तुमचा मधला बिंदू शिकतो. रिमोटचा थ्रॉटल ट्रिम (ट्रिगरचा मधला बिंदू सरकवायची सोय) शून्यावर हवा, तो थोडा जरी सरकलेला असेल तर गाडी आपोआप रांगते नाहीतर फुल स्पीड मिळत नाही. चाकं जमिनीवर असताना पहिली टेस्ट कधीच करू नका, गाडी डब्यावर ठेवा, चारही चाकं अधांतरी.

पहिल्या टेस्टला आमची गाडी उलटी पळाली. इथे बरेच जण रिमोटवरचं थ्रॉटल रिव्हर्सचं बटण दाबून मोकळे होतात आणि चुकतात. म्हणजे दिसायला गाडी पुढे जाते पण ईएससीच्या हिशोबाने ती रिव्हर्समध्येच आहे, मग पुढे जायला दोनदा ट्रिगर ओढावा लागतो आणि ताकद अर्धीच मिळते, आणि मालक म्हणतो ईएससी मरतुकडा आहे. ओळखायचं असं, एफ/बी/आरमध्ये ट्रिगर तुमच्याकडे ओढल्याबरोबर मोटर पहिल्याच वेळी फिरली, दिशा कुठलीही असो, तर रिमोट बरोबर आहे आणि मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करायची. पहिल्या वेळी काहीच झालं नाही आणि दुसऱ्यांदा ओढल्यावर फिरली, तर रिमोटचं चॅनल उलटं आहे, तिथे बटण दाबा. फुटाबा कंपनीच्या रिमोटला थ्रॉटल चॅनल रिव्हर्सवर ठेवावा लागतो, तेवढं तो वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवा. आमच्या वायरी बदलायच्या होत्या, बुलेट असल्यामुळे दहा सेकंदात झालं. मग फेलसेफ सेट केला, म्हणजे सिग्नल तुटला की थ्रॉटल मधे येतो. तो तपासायला चाकं अधांतरी ठेवून हलका ट्रिगर धरायचा आणि रिमोट बंद करायचा, चाकं थांबलीच पाहिजेत.

आता चालवण्याबद्दल. जुन्या टू इन वनमध्ये ट्रिगर ओढला की आधी काहीच नाही आणि मग गाडी एकदम उडी मारायची, मधलं काही नव्हतंच. यात पहिल्या मिलिमीटरपासून गाडी हलते. लेकानं पहिल्या दिवशी अर्धा तास गाडी नुसती हळूच चालवली, दाराच्या फटीतून, खुर्चीच्या पायांमधून, एक इंच पुढे, एक इंच मागे. मी म्हटलं, "अरे पळव की." तर म्हणाला, "थांब ना आई, ही आता माझं ऐकते." मला एवढं समाधान झालं की काय सांगू. टॉप स्पीड जाणवेल इतका वाढलेला नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका, स्पीड मोटर, गिअर आणि बॅटरीचा असतो. मोटर चालताना हलकी शीळ ऐकू येते, ती मॉसफेटच्या त्या चालू-बंदची आहे, बिघाड नाही. ब्रेक चांगला आहे, गाडी सरळ थांबते. पंधरा-वीस मिनिटं सलग गवत आणि मातीत चालवल्यावर मी इन्फ्रारेड थर्मामीटर लावते, ईएससी ५० डिग्रीच्या आसपास, मोटर ७० च्या खाली. पिनियन मी परत मूळ साइजचा टाकलाय हे इथे सांगायलाच हवं. मोठ्या पिनियनवर मी हे आकडे घेतलेले नाहीत आणि घेणारही नाही.

काय पटलं नाही ते. लो व्होल्टेज कटऑफ. टू एसला ६.५ व्होल्टवर हा ताकद अर्धी करतो आणि ६.० वर बंद करतो, म्हणजे सेलमागे ३.० व्होल्ट. लायपोसाठी हे माझ्या मते फार खाली आहे आणि बदलायची सोयच नाही. दुसरं म्हणजे ईएससी फक्त एकूण व्होल्टेज बघतो, दोन सेलपैकी एक ३.३ आणि दुसरा २.८ असेल तरी तो गाडी बंद करत नाही, आणि तो २.८ वाला सेल बिचारा संपत असतो. म्हणून मी बॅटरीच्या बॅलन्स कनेक्टरला (प्रत्येक सेलची वायर असलेला छोटा प्लग) लावायचा छोटा बझर घेतला, ३.५ वर सेट केलाय, कुठलाही एक सेल तिथे आला की तो कोकलतो आणि गाडी घरात. याबाबतीत ईएससीच्या भरवशावर बॅटरी सोडू नका.

ड्रॅग ब्रेक, म्हणजे ट्रिगर सोडल्यावर आपोआप लागणारा ब्रेक, कमी-जास्त करता येत नाही, त्यामुळे ज्यांचा जीव दगडांवर चढण्यात आहे त्यांनी त्याच लाइनचा १०८० बघावा, त्यात कार्डने सेटिंग बदलता येतात. आणि ब्रशलेस मोटरसाठी हा नाहीच. त्या मोटरला तीन वायरी असतात, याला दोनच. मला एकाने विचारलं होतं की पुढे ब्रशलेस टाकली तर हाच चालेल ना, नाही चालणार, तेव्हा दोन्ही एकदम बदलावं लागेल.

पाण्याचं म्हणाल तर ईएससी वॉटरप्रूफ आहे आणि आम्ही पावसाच्या डबक्यांतून बिनधास्त नेलाय, काही झालं नाही. पण ईएससी वॉटरप्रूफ म्हणजे गाडी वॉटरप्रूफ नव्हे. रिसीव्हर वेगळा आहे, तो मी फुग्यात घालून तोंड झिप टायने आवळलंय. मोटरमध्ये पाणी गेलं की ब्रश भराभर झिजतात, बेअरिंग गंजतात. ओल्या दिवसानंतर बॅटरी काढायची, प्लग हेअर ड्रायरने गार हवेवर सुकवायचे, मोटरच्या बेअरिंगला तेलाचा एक थेंब. आणि चाकं हाताने फिरवून बघायची, एक्सलवर परत काही गुंडाळलंय का. हे शेवटचं काम आता लेकाकडे दिलंय, तो दर वेळी चिमटा घेऊन बसतो आणि निघालेले केस मला आणून दाखवतो.

स्टार द्यायचे तर पाचपैकी चार. एक कटऑफसाठी कापला.